सेन्योरितोची दातखीळ

"गोऱ्ह्याला भरवायला अक्कल लागते?" देन्सियोनं कॉफीचा कप बाकावर आपटला. "अरे, तोंड त्याचं, घास आपला! तोंड उघडायचं, घास आत ढकलायचा, तोंड मिटायचं. संपलं! एवढ्याशा गोष्टीचं बायकांनी केवढं स्तोम माजवलंय!"

आलिंग पासिताच्या, म्हणजे पासिताबाईच्या, दुकानापुढं सकाळी बराको कॉफी प्यायला जमलेली मंडळी ऐकत होती. देन्सियो बोलू लागला की ऐकण्यावाचून इलाजच नसे, कारण त्याचा आवाज मोठा आणि बाक एकच. शेजारचा उदिंग तेवढा गालात हसत होता. त्याच्या गोठ्यात स्वतःची गुरं होती.

"कुया," उदिंगनं, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, अगदी आदरानं विचारलं, "आजवर तुम्ही सेन्योरितोला किती वेळा भरवलंय?"

"ज्याला पोहता येतं त्याला रोज नदीत उडी मारून दाखवावी लागत नाही!" देन्सियो म्हणाला.

म्हणजे एकदाही नाही. देन्सियोचा प्रांत म्हणजे त्याचा झुंजीचा कोंबडा. त्याला तो सकाळी चोळायचा, दुपारी सावलीत ठेवायचा आणि संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारायचा. गोठा बायकोचा, निलाचा. आणि सेन्योरितो तर तिचाच. नाव ठेवलं तेव्हा वासरू होतं, पण सेन्योरितो म्हणजे 'धाकटे मालक', आणि मग वासरू नावाला जागलं.

बातांगासच्या त्या टेकड्यांत गोऱ्ह्यापुढं नुसती वैरण टाकून मोकळं होत नाहीत. हत्तीगवत दावणीला असतंच, पण खरं जेवण हातानं भरवायचं. इपिल-इपिलचा पाला, म्हणजे आपली सुबाभूळच, कोयत्यानं बारीक चिरायचा. त्यात भाताचा कोंडा, मीठ आणि जराशी काकवी कालवायची, गोळे करायचे आणि एकेक गोळा थेट जिभेच्या मागं सारायचा. वरून बांबूच्या नळकांड्यानं पातळ आंबोण पाजायचं. असं भरवलेलं जनावर गार्सियाच्या गुरांच्या बाजारात उभं राहिलं की व्यापारी लांबूनच ओळखतात. फक्त एक होतं. हातानं भरवून घ्यायची सवय लागलेलं जनावर मग घरच्या जावयासारखं वागायला लागतं.

निला निघाली होती मनिलाला. मारिविक, त्यांची एकुलती एक लेक, बाळंत झाली होती. पोट फाडून बाळ काढावं लागलं होतं आणि पोरीला धड कुशीवर वळता येत नव्हतं. बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत आईनं जवळ राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. पण निलाचा एक डोळा लेकीकडं तर एक गोऱ्ह्याकडं. डिसेंबरात तो विकून घरामागं एक पक्की खोली बांधायची होती, म्हणजे नाताळात लेक बाळाला घेऊन येईल तेव्हा गळत्या छपराखाली निजायला नको.

"नीट ऐक," पिशवी भरता भरता ती म्हणाली. "तो वाढत्या अंगाचा आहे. आत्ता त्याची हाडं आणि मांस भरायचंय. नुसता कोंडा कोंबलास तर पोट सुटेल, अंग भरायचं नाही. पाला हवाच. पण पाल्याचा अतिरेक झाला तर शेपटीचे केस गळतील. आणि काकवी बोटभर. डावभर नाही!"

"निला, माझा जन्म गुरांत गेलाय."

"गुरांत गेलाय खरा," निला म्हणाली, "पण बांधलेला होतास." मग एकदम गंभीर झाली. "सेन्योरितो वाळला असं माझ्या कानावर आलं ना देन्सियो, तर मी पुढच्या बसनं परत येईन. सांगून ठेवते."

तिनं पिशवी उचलली आणि थांब्याकडं चालू लागली. देन्सियो दुकानाकडं निघाला. बायको बसपर्यंत पोचायच्या आत त्यानं वरचं भाषण सुरूही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत गोठ्यात शिरला. पाला चिरला, कोंडा कालवला, सुरेख गोळा केला आणि सेन्योरितोच्या तोंडाशी नेला.

सेन्योरितोनं गोळ्याचा वास घेतला. देन्सियोचा वास घेतला. आणि दात असे घट्ट मिटले की जणू दातखीळच बसली!

"आ कर," देन्सियो म्हणाला.

सेन्योरितो त्याच्या खांद्यावरून फाटकाकडं बघत राहिला.

"अरे आ कर! आ!" देन्सियोनं स्वतः आ करून दाखवला. मग ओठांच्या कोपऱ्यातून बोटं घालून पाहिली. मग नळकांडं आडवं घालून पाहिलं. सेन्योरितोनं मान झटकली आणि सगळं आंबोण देन्सियोच्या बाहीतून आत शिरून कमरेतून बाहेर आलं. कोंबडा कुंपणावर बसून हे सगळं बघत होता. मालकाची अशी अवस्था त्यानं कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी निलाचा फोन आला. "खातोय ना?"

"खातोय? घमेलं चाटून पुसून लख्ख करतोय!" देन्सियो म्हणाला. अंगाला अजून कोंड्याचा वास येत होता.

मागून मारिविकचा क्षीण आवाज आला. बापाला ती तातय म्हणायची आणि आईला इनाय. "तातय, इनाय माझ्याजवळ आहे म्हणून मला झोप लागते. तिला इथंच राहू दे हं. काहीही कर, पण तिला परत बोलवू नको."

"अगं, बोलवतंय कोण! मी आहे ना इथं!" देन्सियो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ घमेल्याकडं बघत बसला. पोरीचा आवाज त्याच्या काळजात रुतला होता.

मग त्यानं डोकं लढवायला सुरुवात केली, आणि देन्सियोनं डोकं लढवलं की कुणीतरी घायाळ होतंच. सेन्योरितोला गोड आवडत असेल म्हणून त्यानं बोटभर काकवीच्या जागी डावभर घातली. गोळा जाईना, पण घमेल्याला लागलेली काकवी सेन्योरितोनं चाटून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याची जी दशा झाली ती सांगण्यासारखी नाही. मग त्यानं गोळ्यात सुक्या मासळीचा चुरा घातला. त्यावर गावातली सगळी मांजरं गोठ्यात जमली. गोऱ्हा हत्तीगवताची दोन पाती चघळायचा, पाणी प्यायचा आणि फाटकाकडं बघत उभा राहायचा. त्याच्या कुशीत खड्डा दिसायला लागला. हात फिरवला की बरगड्या लागायच्या.

शेवटी देन्सियो शरमून उदिंगकडं गेला.

"कुया, जनावर वासानं माणूस ओळखतं," उदिंग म्हणाला. "वहिनींचा एखादा गाऊन घाला अंगात. त्यांची टोपी घाला. थोडा आवाज बारीक काढा. अंधाऱ्या गोठ्यात त्याला काय कळतंय?"

"मी? गाऊन?"

"मग वहिनींना परत बोलवा."

देन्सियोनं निलाचा फुलाफुलांचा गाऊन चढवला. पाठीवर जरा ताणला, पण बसला. डोक्यावर तिची रुंद काठाची गवती टोपी, मानेला तिची पावडर. आणि गोठ्यात जाऊन, फाटकाकडं पाठ करून, सेन्योरितोच्या गळ्यात हात टाकून बारीक आवाजात आर्जवं करू लागला.

"ये ना रे राजा... असा रुसतोस काय? आ कर बघू... अगदी थोडंसं... कुणी बघत नाहीये! तुझी निला गेली मनिलाला, आता मीच तुझी!"

आता नेमका त्याच दिवशी मेरीमातेची मूर्ती त्याच्या घरी येण्याचा वार होता. गावातल्या बायका मूर्ती घेऊन घरोघर जातात, जपमाळ म्हणतात, मूर्ती त्या घरी मुक्कामाला ठेवतात. देन्सियो हे साफ विसरला होता. बायका अंगणात आल्या. घरात कुणी नाही. गोठ्याच्या अंधारातून बारीक आवाज येतोय, निलाचा गाऊन घातलेली एक दणकट बाई पाठमोरी उभी आहे, कुणाच्या तरी गळ्यात पडली आहे आणि सांगते आहे, कुणी बघत नाहीये!

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पुढच्या बाईनं मेरीमातेचं तोंड हळूच दुसऱ्या दिशेला वळवलं. मूर्ती त्या घरी न थांबताच पुढच्या घरी गेली.

इकडं सेन्योरितोनं गाऊनचा वास घेतला, खिशात तोंड घातलं आणि खिसा खाल्ला. गोळा मात्र खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी देन्सियो दुकानावर गेला तर बाकावरची मंडळी एकदम गप्प झाली. आलिंग पासितानं कॉफी दिली खरी, पण साखर न घालता. त्याला वाटलं, साखर महागली असेल. घरी येऊन त्यानं पुन्हा गाऊन चढवला, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं, आणि गोठ्यात शिरतोय तोच मागून गर्जना झाली.

"काढ तिला बाहेर!"

आलिंग पासिता! हातात खराटा आणि सगळ्या गावाचा संताप डोळ्यांत.

"कुणाला?" आतून देन्सियो चाचरला.

"लाज नाही वाटत? लेक तिकडं अंथरुणाला खिळलीय, बायको तिची सेवा करतेय आणि तू इथं बाई आणून ठेवलीस? तीही तिच्या गाऊनमध्ये! काढ तिला बाहेर, नाहीतर मीच आत येते!"

देन्सियोपुढं दुसरा मार्ग नव्हता. तो बाहेर आला. गाऊन, टोपी, पावडर, एका हातात गोळा.

आलिंग पासितानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खराटा हातातून गळला. मग ती कोंड्याच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली ती इतकी की पोतं फुटलं! डोळे पुसत पुसत तिनं सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली, "अरे वेड्या, गाऊनचं काय घेऊन बसलास? त्याला गाऊन नको, त्याला बोलणं हवं. निला बोलते ना त्याच्याशी भरवताना! मी रोज ऐकते की माझ्या परसातून, कुंपणापलीकडून."

"बोलते? काय बोलते?"

आलिंग पासिता एकदम कावरीबावरी झाली. "असंच. घरातलं."

"घरातलं म्हणजे?"

"म्हणजे... तुझं."

"माझं? माझं काय?"

"आता विचारतोच आहेस तर सांगते," पासितानं पोत्यावर बैठक पक्की केली. "बस खाली. उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही ते."

आणि देन्सियोनं ऐकलं. शिडी पावसाळ्याआधी छपराला लावलीय, तिच्यावर आता कोंबड्या झोपतात, पण छप्पर अजून गळतंय, हे. अंडी कोंबड्याला चारून 'आज कोंबड्यांनी घातलीच नाहीत' असं सांगतो, हे. प्रत्येक लग्नात माइक हातात घेतला की तेच एक गाणं बेसूर गातो आणि माइक सोडत नाही, हे. चर्चमध्ये मिस्साला डुलक्या काढतो आणि भलत्याच ठिकाणी मोठ्यानं 'आमेन' म्हणतो, हे. 'आलोच' म्हणून जातो आणि दुकानावर जाऊन बसतो, हे तर रोजच!

"हे सगळं ती गोऱ्ह्याला सांगते?" देन्सियोचा चेहरा पडला.

"एका गोळ्याला एक," पासिता म्हणाली. "ती सांगते, तो आ करतो, ती घास घालते. मी तर माझं भात टाकायचं काम त्या वेळेलाच काढते."

देन्सियोला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. आपल्या पाठीमागं, आपल्याच गोठ्यात, आपल्याच कोंड्यावर आपली निंदा! पण सेन्योरितोच्या कुशीतला खड्डा समोर दिसत होता. मारिविकचा आवाज अजून कानात होता. त्यानं टोपी काढली, गोळा हातात घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटला, "तो... छप्पर शाकारत नाही."

सेन्योरितोचा कान हलला.

"मोठ्यानं बोल! असं लाजून काय बोलतोस?" पासिता ओरडली.

"शिडी लावून ठेवलीय नुसती! वर कोंबड्या झोपतात! महाआळशी माणूस!"

सेन्योरितोनं वळून पाहिलं आणि असा भला थोरला आ वासला की आतली जीभ, दाढा, सगळं दर्शन झालं! गोळा गेला! देन्सियोला हसावं की रडावं कळेना. त्यानं घाईघाईनं दुसरा गोळा केला. "अंडी कोंबड्याला चारतो!" तोही गेला. "बेसूर गातो!" गेला. "भलत्या ठिकाणी आमेन म्हणतो!" त्यावर तर सेन्योरितोनं त्याचा हातही मनगटापर्यंत आत घेतला.

फक्त शेवटचा गोळा राहिला. त्याला काही केल्या तो तोंड उघडेना.

"शेवटच्या घासाला निला त्याच्या कानाशी लागते," पासिता म्हणाली. "काय सांगते देव जाणे. मी कुंपणातून मान घालून पाहिली होती. मान अडकली, पण ऐकू काही आलं नाही."

त्या दिवसापासून देन्सियोच्या गोठ्यात दोन्ही वेळा गर्दी व्हायला लागली. पासिता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. मंडळी दुकानातली कॉफी घेऊन थेट कुंपणाशी येऊन उभी राहायची. देन्सियो आपली उणीदुणी काढायचा, गोऱ्हा आ करायचा आणि मंडळी माना डोलवायची. घरातली पापं संपत आली की बाहेरून मदत यायची.

"कुया, माझी कुदळ नेलीत ती सांगा की!" उदिंग ओरडायचा.

"ते घरातलं नाही!"

"सांगून तर बघा!"

देन्सियो सांगायचा आणि गोऱ्हा आ करायचा. त्याला बाहेरचंही चालत होतं. एका म्हाताऱ्यानं तर देन्सियोच्या वडिलांच्या वेळचं एक प्रकरण आणून दिलं आणि तेही पचलं. सेन्योरितोची कूस भरली. पाठ रुंद झाली, कातडीवर तकाकी आली, शेपटीचा झुबका जागच्या जागी राहिला. देन्सियो मात्र रोज थोडा थोडा झिजत होता. आणि एवढं करून शेवटचा गोळा रोज घमेल्यातच राहायचा.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण मेरीमातेबरोबर आलेल्या त्या बायकांपैकी एकीची नणंद मनिलात, मारिविकच्या गल्लीत राहत होती. इकडं गावात सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं, पण मनिलाला निघालेली बातमी माघारी कोण बोलावणार? ती सावकाश गेली आणि वाटेत चांगली पोसली गेली. निलाच्या कानावर पोचेपर्यंत त्या बाईचं वय कमी झालं होतं, ती लिपा शहरातून आली होती आणि तिच्याबरोबर एक लहान मूलही होतं.

दुपारी देन्सियोचा फोन वाजला. व्हिडिओवर निलाचा चेहरा. नुसता चेहरा नाही, चेहराभर डोळे!

"कुठाय ती?"

"कोण?"

"लिपाची!"

"लिपाची कोण?" देन्सियोला खरंच काही उमगेना. मग उमगलं, आणि तो घाईघाईनं गाऊनची हकिगत सांगू लागला. जगात अशा काही खऱ्या गोष्टी असतात की त्या सांगताना माणूस जास्तीत जास्त खोटारडा दिसतो. ही त्यातलीच होती.

"माझा गाऊन तू घातलास? गोऱ्ह्यासाठी?" निला म्हणाली. तिच्या मागं पलंगावर मारिविक दिसत होती आणि पलंगाच्या कडेला, बाळाला मांडीवर घेऊन, मारिविकची सासू बसली होती. या सासूबाईंना देन्सियोनं लग्नात सांगून ठेवलं होतं की बातांगासमध्ये गुरांचं काही अडलं तर लोक आपल्यालाच विचारायला येतात. त्या चष्मा लावून पुढं सरकल्या.

"माणूस खोटं बोलेल, गोऱ्हा बोलणार नाही," निला म्हणाली. "चल गोठ्यात. माझ्या डोळ्यांदेखत त्याला भरव. म्हणजे कळेल मला, तू त्याच्याकडं बघत होतास की आणखी कुणाकडं!"

उदिंगनं फोन धरला. कुंपणाशी मंडळी होतीच. देन्सियोनं गोळा केला आणि सासूबाईंसमोर लाज राहावी म्हणून अगदी मुकाट्यानं, हसऱ्या चेहऱ्यानं पुढं केला. सेन्योरितोनं फोनमधून आलेला निलाचा आवाज ओळखला होता. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, ती कुठंच दिसेना. त्यानं दात घट्ट मिटले.

"लाजतोय जरा," देन्सियो म्हणाला.

"लाजतोय? माझा सेन्योरितो?" निलाचा आवाज कापायला लागला. "तोंड लावत नाहीये तो! उपाशी आहे! मारिविक, मी सकाळच्या बसनं जाते."

"इनाय, नको ना गं," मारिविक म्हणाली. तिनं उठून बसायचा प्रयत्न केला, पण कळ आली आणि ती डोळे मिटून तशीच मागं कलंडली. बाळ रडायला लागलं.

देन्सियोनं ते पाहिलं. मग त्यानं सासूबाईंकडं पाहिलं नाही, कुंपणाकडं पाहिलं नाही. गोऱ्ह्याच्या डोळ्यांत डोळे घालून खणखणीत आवाजात म्हणाला, "छप्पर गळतंय आणि हा शिडीवर कोंबड्या झोपवतो!"

सेन्योरितोनं आ केला. गोळा गेला.

"अंडी कोंबड्याला, आणि बायकोला सांगतो घातलीच नाहीत! माइक हातात आला की सोडत नाही! मिस्साला घोरतो! शेजाऱ्याची कुदळ आणतो आणि आपलीच म्हणतो!" गोळ्यामागून गोळे जात होते. मनिलात बाळसुद्धा रडायचं थांबलं. देन्सियो आता पासितानं शिकवलेलं संपवून पुढं गेला होता. "व्याह्यांपुढं बढाया मारतो की गुरांतलं याला सगळं कळतं! कळत काही नाही, सगळं बायकोला कळतं! बायको मनिलाला निघाली, तर बसपर्यंत पिशवीसुद्धा पोचवली नाही यानं! दुकानावर जाऊन बसला! आणि आता रोज सकाळी चुकून दोन कप काढतो, आणि एक परत ठेवतो!"

सेन्योरितोनं तोही घास गिळला.

"मी त्याला काय सांगते, हे तुला कुणी सांगितलं?" निलानं हळू आवाजात विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत आहे," देन्सियो म्हणाला. कुंपणावरून आलिंग पासिताचं डोकं पटकन खाली गेलं.

निला फोनजवळ सरकली. तिनं गोऱ्ह्याची भरलेली कूस पाहिली, चमकणारी पाठ पाहिली आणि नवऱ्याच्या कोंड्यानं माखलेल्या बाह्या पाहिल्या. तेवढ्यात तिच्या मागून सासूबाईंचा आवाज आला.

"निला, असा एक गोऱ्हा मनिलात मिळेल का गं? आमच्या ह्यांच्यासाठी हवा होता."

मारिविक हसायला गेली आणि टाके धरून विव्हळली. "हसवू नका ना!" म्हणाली आणि तरी हसत राहिली. निलाही हसली. तिचे डोळे मात्र पाण्यानं भरले होते आणि ते तिनं पुसले नाहीत.

"शेवटचा गोळा राहिलाय," देन्सियो म्हणाला. "तो कधीच खात नाही."

"फोन त्याच्या कानाशी धर. आणि तू लांब हो."

उदिंगनं फोन कानाशी धरला आणि देन्सियो लांब झाला, म्हणजे जेमतेम एक पाऊल, मान तेवढी पुढं काढून. कुंपणावरून पासिताचं डोकं पुन्हा वर आलं. निला काहीतरी पुटपुटली. अगदी थोडकं. सेन्योरितोनं डोळे अर्धवट मिटले, फोन एकदा चाटला आणि निवांत तोंड उघडलं. शेवटचा गोळा गेला. घमेलं रिकामं झालं.

"काय सांगितलंस?" देन्सियोनं खिसा फाटलेल्या त्या गाऊननंच फोन पुसत विचारलं.

"ते आमचं आमच्यात," निला म्हणाली. "आणि ऐक, बाप्तिस्मा होईपर्यंत मी इथंच आहे. कप एकच काढत जा."

देन्सियो त्या दिवशी दुकानावर गेला नाही. छपरावर गेला. गळकी जागा शोधता शोधता त्याचं एकच चाललं होतं, काय सांगितलं असेल तिनं? आणि संध्याकाळपर्यंत त्याची खात्री पटली. इतकी सगळी उणीदुणी काढल्यावर शेवटी कानात हळूच सांगायचं म्हणजे दुसरं काय असणार? कौतुक! चारचौघांत बोलायला लाजते बिचारी, गोऱ्ह्याजवळ मन मोकळं करते! त्याची छाती फुगली. कोंबड्यालासुद्धा त्यानं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुंपणाशी जमलेल्या मंडळींना हाकलून दिलं. "आज कुणी नाही! आजचं घरगुती आहे!" नेहमीची उणीदुणी भरभर उरकली, एकेक गोळा गेला. मग त्यानं शेवटचा गोळा हातात घेतला, गाऊन नाही, टोपी नाही, ताठ मानेनं सेन्योरितोच्या कानाशी वाकला.

"पण काही म्हण सेन्योरितो," तो कुजबुजला, "माणूस सोन्यासारखा आहे."

सेन्योरितोनं दात मिटले.

देन्सियोला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "सोन्यासारखा!"

दातखीळ.

"बरं, सोन्यासारखा नसेल. पण चांगला आहे. गुणी आहे."

सेन्योरितो त्याच्या खांद्यावरून फाटकाकडं बघायला लागला.

"बरा आहे," देन्सियो जरा खाली उतरला. "इतरांपेक्षा तरी?"

एक कान हलला. तेवढंच.

देन्सियोनं उसासा टाकला. गोळा हातात सुकत चालला होता.

"बरं बाबा," तो म्हणाला, "चालवून घेण्यासारखा आहे."

आणि सेन्योरितोनं ऐसपैस आ वासला.